दहा सेकंदांचं काम

त्या मंगळवारी मी कामावर चाळीस मिनिटं आधी पोचले, आणि दोष सगळा माझ्या घड्याळाचा होता.

इमारतीचा जिना अजून झाडला जात होता. तिसऱ्या मजल्यावर आमच्या प्रयोगशाळेला कुलूप. माझ्या मनगटावर नऊ पन्नास झाले होते. मोबाईल काढून पाहिला तर नऊ दहा. झाडणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रात्रभर इथेच जिन्यात बसले होते.

खाली आले. जिन्याखाली एक घड्याळाचं दुकान होतं, दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील एवढं. दीड वर्ष मी त्याच्यासमोरून धावत वर गेले होते. आज शटर अर्धं वर दिसलं म्हणून वाकून डोकावले, आणि नेमका त्याच वेळी आतला माणूस शटर पूर्ण उचलायला वाकला. डोकी आपटता आपटता राहिली. मध्ये फार तर चार सेंटिमीटर. मी मोजमापाचं काम करते, माझा अंदाज सहसा चुकत नाही.

"अजून उघडायचंय," तो म्हणाला. मागे मात्र सरकला नाही.

"माझं घड्याळ पुढे पळतंय."

"किती?"

"कालपासून चाळीस मिनिटं."

"अंदाजे?"

"चाळीस मिनिटं, वीस सेकंद."

तेव्हा तो मागे सरकला, सरळ उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "या आत," तो म्हणाला.

वयाने माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर काळ्या दोरीने बांधलेलं भिंग. घड्याळ हातात घेण्याआधी त्याने बोटं रुमालाला पुसली. मला ते आवडलं... आमच्याकडे हजारो रुपयांच्या नमुन्यांनाही कोणी इतका मान देत नाही.

"किल्लीचं आहे," तो खुशीत म्हणाला. "रोज किल्ली देता?"

"रोज सकाळी सातला. पण मी नाही, आत्या देते."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नोकरीसाठी मी तिच्याकडे राहते. तिने एकतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं आणि त्या एकतीस वर्षांत हजारो माणसांची नाडी याच घड्याळावर मोजली. निवृत्त झाली तेव्हा ते माझ्या हातात बांधून म्हणाली, "दिलं नाहीये हं, वापरायला दिलंय." रोज सकाळी मी आंघोळीला गेले की ते तिच्याकडे असतं. ती किल्ली देते, स्वतःची नाडी मोजते, वहीत आकडा लिहिते आणि मग घड्याळ मला मिळतं. नाडी मोजण्याबाबत तिचा एकच नियम आहे. "पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारी माणसं मला आवडत नाहीत. हात धरायचा तर पूर्ण मिनिट धरायचा."

हे सगळं मी त्याला सांगितलं. का, ते मला माहीत नाही. तो ऐकत होता म्हणून असेल.

त्याने खणातून एक छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळावर धरलं. सुई गर्रकन वळली.

"तुम्ही काम कुठे करता?"

"वर. औषधं तपासतो आम्ही."

"तिथे चुंबक आहे?"

आमच्याकडे चुंबक आहे, उभ्या कपाटाएवढं. त्याच्याभोवती जमिनीवर लाल रेघ मारलेली आहे, आणि घड्याळ खणात ठेवल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही हे नव्या माणसांना मीच शिकवते. काल घाईत मीच विसरले होते.

"शिक्षण काय झालंय?" त्याने विचारलं.

"...एम.एस्सी. भौतिकशास्त्र."

तो हसला नाही, पण भिंग डोळ्यावर ओढून घेतलं. त्याआड काय चाललं होतं ते ओठांच्या कोपऱ्यात दिसतच होतं. "आत केसासारखी बारीक स्प्रिंग आहे," तो म्हणाला. "चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग आखूड पडते, घड्याळ धावतं. हे तुम्हाला मी सांगायला नको."

"नको," मी म्हटलं.

"चार दिवस ठेवावं लागेल. शनिवारी या."

आता खरी गोष्ट. त्याच्या टेबलाच्या कडेला बटण असलेली एक निळी पेटी होती, आणि तिच्यात काय असतं हे मला पक्कं माहीत होतं. तारेचं वेटोळं. घड्याळ त्यावर धरायचं, बटण दाबायचं, घड्याळ हळूहळू हातभर दूर न्यायचं. चुंबकत्व गेलं. दहा सेकंदांचं काम.

पण त्याने भिंग पुन्हा कपाळावर सरकवलं होतं, आणि त्याचे डोळे दिसत होते.

"बरं," मी म्हटलं, आणि साडेनऊला वर गेले.

चार दिवस आत्याने मोबाईलवर नाडी मोजली आणि चार दिवस कुरकुरली. "यात सेकंद नुसते बदलतात गं. त्या काट्याबरोबर माझं मन चालतं. इथे आकडा बघू, की ठोका मोजू?"

शनिवारी घड्याळ मिळालं, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ तो हुकावर टांगायचा आणि ते रोज किती पुढे-मागे गेलं ते पेन्सिलीने लिहायचा. त्याच्या मामांची पद्धत होती ती. दुकानही मामांचं, कामही त्यांनीच शिकवलेलं. माझी चिठ्ठी अशी होती:

मंगळवार, ९.३२ — चुंबकत्व काढलं.
बुधवार — बरोबर.
गुरुवार — दोन सेकंद पुढे.
शुक्रवार — बरोबर.

नऊ बत्तीस! मी जिना चढून वर पोचायच्या आत काम झालं होतं. चिठ्ठी मी घडी घालून पाकिटात ठेवली. पुरावा जपून ठेवायची मला सवय आहे.

पुढच्या तीन आठवड्यांत दुकानात जायला मला एकही कारण सापडलं नाही. घड्याळ दिवसाला दोन सेकंदांच्या वर हलेना. चांगल्या कामाचा मला जन्मात कधी इतका राग आला नव्हता.

मग एका रविवारी मी फ्रिजच्या दारावरचं लिंबाच्या फोडीसारखं चुंबक काढलं आणि रात्रभर त्यावर घड्याळ ठेवलं. वैज्ञानिक कुतूहल... असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी आंघोळ करून आले तर आत्या वहीकडे बघत बसली होती.

"एकोणसत्तर," ती म्हणाली. "रोज बहात्तर असतात. माझं हृदय सुस्तावलं की काय?"

घड्याळ पळतंय म्हणजे त्याचं मिनिट आखूड, आखूड मिनिटात ठोके कमी. हिशोब लागला, पण तो तिला सांगणार कसा? "घड्याळ पुन्हा पळतंय गं. दाखवून आणते," म्हटलं, आणि पळाले.

तो टेबलावरच्या एका गजराच्या घड्याळावर वाकला होता. मला बघून भिंग वर गेलं.

"या, चुंबकबाई."

"मी बाई दिसते?"

"मग काय म्हणू? नमुना?"

मी रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. स्टुलावर बसले. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता, आणि दुकानातली तीस-चाळीस घड्याळं एकदम टिकटिकत होती. प्रत्येकाची टिकटिक वेगळी होती, जरा वेळाने त्यातली एकेक ओळखू यायला लागली.

"एक विचारू?" मी म्हटलं. "मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे, तोही याहून अचूक. मग लोक ही घड्याळं अजून का वापरतात?"

"अचूकपणासाठी नाही," तो म्हणाला. गजराच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून त्याने माझ्यासमोर ठेवलं. "हे बघा. काय बिघडलंय?"

मी वाकले. चाकं दिसली, एकमेकांत दात अडकवून उभी. एका चाकाच्या दातात निळा धागा अडकला होता.

"धागा!"

"सापडला ना? शिकवलं कोणी? कोणीच नाही. डोळ्यांना दिसलं, कळलं." त्याने चिमट्याने धागा अलगद ओढला, आणि घड्याळ चालू लागलं. "उघडता येतं, समजतं, दुरुस्त होतं. माणूस अशा वस्तूशी भांडू शकतो, बोलू शकतो. तुमची वरची यंत्रं उघडता तुम्ही?"

"त्यांच्यावर कागद चिकटवलाय, उघडू नये म्हणून."

"बघा."

मला पाच वर्षांच्या अभ्यासात भेटलेली सगळी सूत्रं आठवली. दोलन, जडत्व, ऊर्जा साठवणं, ती थोडी थोडी सोडणं. सगळी कागदावरच भेटली होती. आणि इथे ती पितळेची होती, हलत होती, त्यांना तेलाचा वास होता.

माझं घड्याळ त्याने होकायंत्राखाली धरलं आणि जरासा थबकला. "चार दिवस," म्हणाला. मी पुन्हा "बरं" म्हटलं.

पण या वेळी घड्याळाबरोबर एक डबी मिळाली. काळसर, जाड लोखंडाची, आत मऊ कापड लावलेली. त्याने स्वतः बनवली होती. "कामावर यात ठेवा. चुंबकत्व आत शिरणार नाही. आता यायला नको तुम्हाला."

हे शेवटचं वाक्य म्हणताना तो डबीकडेच बघत होता.

यावर शहाणी मुलगी काय करेल? "मला यायचंय," असं म्हणेल. मी मात्र डबीलाही पुरून उरेल असं चुंबक शोधलं. प्रयोगशाळेतल्या भंगारात जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधलं एक मिळालं, नखाएवढं, पण बोट चिमटून काळंनिळं करणारं. रविवारी दुपारी आत्या झोपली होती. एका हातात घड्याळ, एका हातात चुंबक घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले, आणि चुंबकाने फ्रिजकडे झेप घेतली. हाताला हिसका बसला, दुसरा हात उघडला, घड्याळ फरशीवर.

आवाज लहानसाच झाला. उचलून कानाला लावलं. काहीच नाही. एकतीस वर्षं न थांबलेली टिकटिक माझ्या हातात थांबली होती.

सोमवारी तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. आज "चुंबकबाई" नव्हतं.

"आतल्या डोलणाऱ्या चाकाचा आस मोडलाय," तो म्हणाला. "टोकाशी. तिथे तो केसाएवढा असतो. हा भाग आता मिळत नाही." मग हळूच, "डबीने काम केलं नाही का?"

किती सोपं होतं! 'नाही केलं' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण ती डबी त्याने हाताने घासली होती, कोपरे गोल केले होते.

"डबी चांगली आहे," मी म्हटलं. "डबीचा काही दोष नाही. मी... मागच्या वेळी मीच घड्याळ चुंबकावर ठेवलं होतं. मुद्दाम. या वेळी पण ठेवणार होते, तेवढ्यात पडलं."

"मुद्दाम?"

"इथे यायला कारण हवं होतं."

घड्याळं टिकटिकत राहिली. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही.

"हे माझ्यासाठी निमित्त नाही, घड्याळ आहे," तो म्हणाला. "तुमच्या आत्यासाठी तर त्याहून जास्त. कारण हवं होतं तर मागायचं." थोडं थांबून म्हणाला, "आतलं यंत्र काढून सेलचं बसवता येईल. बाहेरून ओळखू येणार नाही. किंवा आस नवा बनवायचा. मामांसमोर एकदा बनवलाय, एकट्याने कधी नाही. होईलच असं सांगत नाही."

"सेलचं नको. आत्याला कळेल."

"आणि कळलं नसतं तर?"

"तरी नको."

त्याने मान हलवली. पण भिंग डोळ्यावरच राहिलं.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. चुंबक, फ्रिज, एकोणसत्तरचा आकडा, सगळं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"मुलगा कसा आहे?" तिने विचारलं.

"आत्या, घड्याळ मोडलंय!"

"ते ऐकलं मी. मुलगा कसा आहे?"

"...रागावलाय."

"रागावणारच. हात दे." तिने माझं मनगट धरलं, मोबाईलवरचे सेकंद बघत पूर्ण मिनिट मोजलं. "एकशे चार. बसल्या जागी." मग भाजीचं एक देठ माझ्याकडे रोखलं. "माझ्या हातून ते दोनदा पडलंय, पण मुद्दाम कधी धोक्यात घातलं नाही. मोडलंयस तर उभी राहून नीट करून आण. आणि नीट झालं की मोबाईलशी नुसतं जुळवू नकोस. माणसावर तपास."

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "मोडलेला आस आणि त्याचं भोक, दोन्ही मला द्या. वर सूक्ष्मदर्शक आहे, मिलिमीटरचा हजारावा भाग मोजतो."

तो साशंक होता. तरी आसाचे तुकडे आणि आसाचं टोक ज्याच्या बारीक भोकात फिरतं तो माणिक काचेच्या नळीत घालून दिले. मी जेवणाची सुट्टी सोडून मोजत बसले.

"टोकाची जाडी नव्वद हजारांश," मी खाली येऊन सांगितलं. "भोक अठ्ठ्याण्णव."

"खात्री?"

"तीनदा मोजलंय. तिन्ही आकडे सांगू?"

"सांगा," तो म्हणाला, आणि अखेर ओठांचा कोपरा हलला.

मग शुक्रवारपर्यंत रोज संध्याकाळी मी त्या स्टुलावर. त्याच्याकडे मामांचा हातभर लांबीचा एक छोटा लेथ होता, हाताने फिरवायचा, वीज नाही. एक हात चाक फिरवतो, दुसरा हात पोलादाची तार कोरतो. पहिला आस टोकाशी तुटला. दुसरा वाकला. तिसऱ्याच्या वेळी तो म्हणाला, "चाक तुम्ही फिरवा. माझे दोन्ही हात कोरायला हवेत. एकसारखं फिरवा, घाई नको."

मी फिरवलं. एकसारखं. आमच्या दोघांच्या श्वासामुळे काम हलू नये म्हणून आम्ही एकदम श्वास रोखायचो, एकदम सोडायचो. त्याला कळत होतं की नाही कोण जाणे... मला कळत होतं. अधूनमधून आस वर नेऊन मोजायचा, खाली यायचं, आकडा सांगायचा. एकशे वीस. एकशे दोन. पंच्याण्णव. तीन मजले, बावन्न पायऱ्या, नऊ फेऱ्या.

"नव्वद," शेवटी मी धापा टाकत म्हटलं.

तो खुर्चीत मागे टेकला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून हसला.

शनिवारी सकाळी घड्याळ हुकावर टांगलेलं होतं. सेकंदकाटा फिरत होता. मी ते कानाला लावलं. तोच आवाज... सेकंदाला पाच ठोके, जरा कोरडे.

"रात्रभरात एक सेकंद मागे गेलंय," तो म्हणाला. "चार दिवस ठेवलं तर जास्त खात्रीने सांगता येईल."

"चार दिवस नकोत. आत्या म्हणाली माणसावर तपास."

"म्हणजे?"

"हात द्या."

त्याने आधी बोटं रुमालाला पुसली. मग हात पुढे केला. मी स्टूल जवळ ओढलं, आत्याने शिकवल्याप्रमाणे दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली.

"पंधरा सेकंद मोजून चारने..." तो म्हणाला.

"बोलू नका. पूर्ण मिनिट."

एक, दोन, तीन. काटा चालत होता. आम्ही दोघांनी बनवलेल्या केसाएवढ्या टोकावर ते चाक डोलत होतं, आणि माझ्या बोटांखाली दुसरं काहीतरी त्याच्याहून घाईत होतं.

"एकशे आठ," मी म्हटलं. हात सोडला नाही.

"घड्याळ मागे पडत असेल. मागे पडलं तर मिनिट लांबतं, ठोके जास्त भरतात."

"रात्रभरात एक सेकंद. त्याने एका ठोक्याचाही फरक पडत नाही. घड्याळ बरोबर आहे."

"मग...?"

मी दुसऱ्या हाताने पाकिटातली चिठ्ठी काढली आणि उलगडून त्याच्यासमोर ठेवली. मंगळवार, ९.३२. त्याने वाचली, कानापर्यंत लाल झाला.

"दहा सेकंदांचं काम," मी म्हटलं. "चार दिवस कशाला सांगितलेत?"

त्याने चिठ्ठीची घडी बोटाने सरळ केली. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"निळी पेटी दिसत होती मला. एम.एस्सी. आहे मी."

"आणि तू 'बरं' म्हणालीस!"

"तूही डबी देताना म्हणालास, आता यायला नको."

"ते बोलून रात्रभर झोपलो नाही," तो म्हणाला. "फिर्याद कोणाकडे करू? सुरुवात मीच केली होती. त्या दिवशी तू 'वीस सेकंद' म्हणालीस... आणि मला वाटलं, ही परत यायला हवी. एवढंच सुचलं. सोमवारी तुला कारण माग म्हणून सुनावलं, आणि मी स्वतः..." त्याने माझ्याकडे पाहिलं. भिंग कपाळावर होतं. "आता मागतो. कारण नसताना येशील?"

बाहेर कोणीतरी बंद पडलेलं घड्याळ हातात घेऊन उभं होतं, आत यावं की नाही या विचारात. मी त्यांना खुणेने थांबायला सांगितलं.

"उत्तर देते," मी म्हटलं, "पण आधी पुन्हा मोजायला हवं. एकदा मोजलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही."

"किती वेळा मोजतेस?"

"तीनदा."

त्याने हात पालथा होता तो उताणा केला, टेबलावर नीट ठेवला. मी सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहू लागले.